पंचाचा उचललेला हात

त्या चैत्रात सोपानरावांचा उजवा हात जागेवर राहीना. जेवताना भाकरी सोडून तो मांडीवर यायचा, बैलांना पाणी दाखवताना उगाच दावं सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. चारचौघांत बसले की ते डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ठेवायचे. शालनबाईंना वाटलं, नवऱ्याच्या हातात वारं शिरलं. त्यांनी एरंडेल कोमट करून चोळलं. तेलानं जाणारं दुखणं असतं तर तिसऱ्या दिवशी गेलं असतं.

दुखणं होतं फुटबॉलचं. पन्नाशी उलटलेल्या पिंपरीच्या शेतकऱ्याला फुटबॉलचं दुखणं जडलं म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

सोपानराव म्हणजे गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांचे पंच. एक-दोन नाही, वीस वर्षं. कुस्तीआधी दोन्ही पैलवानांनी त्यांच्या हातून चिमूटभर माती घ्यायची, आणि कुस्ती संपली की त्यांनी जिंकणाऱ्याचं मनगट धरून हात वर उचलायचा. तो हात एकदा वर गेला की वाद संपला. चाकणचा पैलवान असो नाहीतर माणचा, हरलेलाही मुकाट्यानं अंग झटकून निघून जायचा. त्याचं कारण सोपं होतं. कुस्ती चालू असताना हा माणूस पैलवानाचं तोंड बघत नसे, गाव बघत नसे. फक्त खांदे बघे. दोन्ही खांदे मातीला टेकले की तोंडातून ‘हां!’ निघायचं आणि जिंकणाऱ्याचं मनगट हातात यायचं. ही दोन्ही कामं डोक्याला न विचारता व्हायची. इतक्या वर्षांची सवय ती, डोक्याला विचारतंय कोण!

तर गोष्ट पंचावन्न सालची. रुळांपलीकडे औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता आणि त्यातली यंत्रं बसवायला थंड मुलखातून गोरे इंजिनियर आले होते. संध्याकाळी ते सपाट केलेल्या माळावर फुटबॉल खेळायचे. आपली पोरं आधी कुंपणाबाहेर उभी राहून बघायची, मग बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायला लागली, आणि वर्षभरात कामगारांचा संघच उभा राहिला. त्यात सोपानरावांचा जावई ज्योतीराम होता. हा मूळचा वाळव्याकडचा, कारखान्यात फिटर, अंगानं पैलवान, दरसाल पिंपरीच्या यात्रेत कुस्ती धरणारा, बायकोला घेऊन चिंचवडला भाड्याच्या खोलीत राहायचा. सासऱ्यावर त्याचा फार जीव. पिंपरीतले लोक म्हणायचे, सोपानरावांना मुलगा नाही हे ज्योतीरामानं कळूच दिलं नाही.

पौषात कामगार विरुद्ध साहेब असा पहिला सामना झाला आणि त्याची पार माती झाली. शिट्टी एका गोऱ्या साहेबाकडेच होती. आपली पोरं अनवाणी आणि साहेबांच्या पायात खिळ्यांचे बूट. पोरांची बोटं चेचली तरी शिट्टी वाजेना. आपल्या पोराचा नुसता धक्का लागला की लगेच वाजे. शेवटी दगड उडाले आणि सामना अर्धाच राहिला.

कारखान्यात कामगार कल्याणाचं बघणारे नानासाहेब म्हणून एक पुण्याचे गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही बाजूंना बसवून समजावलं. “यात नवल काही नाही हो,” ते म्हणाले. “गेल्या साली जागतिक स्पर्धेत ब्राझील आणि हंगेरीचे लोक काय खेळले? तिघांना मैदानाबाहेर काढावं लागलं, आणि सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मारामारी! देशाचं नाव छातीवर आलं की शहाणीसुरती माणसंही लाथा घालतात. आपल्याला फक्त एक पंच हवा, ज्याचा शब्द दोन्हीकडे चालेल.”

कामगारांनी एका तोंडानं सोपानरावांचं नाव घेतलं. साहेबांचा कप्तान ओल्सेन, लाल केसांचा धिप्पाड गडी. त्यानं विचारलं, “याला फुटबॉल येतो का?”

“येत नाही,” नानासाहेब म्हणाले. “पण खोटं बोलता येत नाही.”

हे वाक्य नानासाहेबांनी मराठीत करून सोपानरावांना सांगितलं. सोपानराव सुखावले. माणूस होते, देव नव्हते.

पंधरा दिवस ते नानासाहेबांकडून नियम शिकले. चुन्याच्या रेघा कुठे, चेंडू बाहेर कधी, गोलापुढच्या मोठ्या चौकोनात फाऊल झाला की पेनल्टी. पाय घालून पाडणं म्हणजे फाऊल, हे ऐकून त्यांना हसू आलं. “पाय घालून पाडायचं न्हाई, तर मग पाडायचं कसं?” त्यांनी विचारलं. नानासाहेब म्हणाले, “पाडायचंच नाही.” एवढं मात्र सोपानरावांच्या पचनी पडायला दोन दिवस लागले. शिट्टी मिळाली ती रेल्वेच्या गार्डाची.

फाल्गुनातल्या एका रविवारी सामना झाला. गावातून, निर्वासितांच्या कॅम्पातून, चिंचवडहून माणसं लोटली. सोपानराव धोतराचा काचा मारून, फेटा बांधून, तोंडात शिट्टी धरून मैदानात उतरले तेव्हा साहेबांच्या बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. दहाव्या मिनिटाला ते हसू बंद झालं.

कारण या माणसाला सगळं दिसत होतं. कुणी कुणाच्या बरगडीत कोपर घातलं, कुणी चेंडू सोडून बोटांवर बूट ठेवला, कुणी सदरा मुठीत धरला. कुस्तीत चिमटा काढणारे, कानात फुंकर घालणारे, मातीची मूठ डोळ्यांत मारणारे किती भामटे त्यांनी पकडले होते! हे तर उघड्या मैदानावरचे चोर. ओल्सेननं एका पोराच्या पावलावर टाच दाबली, चेंडू वीस हात लांब असताना. शिट्टी वाजली. ओल्सेन हात पसरून अंगावर आला, नानासाहेबांचा इंग्रजी नियमांचा कागद मागू लागला. सोपानराव त्याच्या छातीशी जाऊन उभे राहिले आणि खाली बोट दाखवून म्हणाले, “कागदात कशाला बगतोस? तुज्या टाचंखाली बग.” ओल्सेननं खरोखरच खाली बघितलं. मग मात्र तो नीट खेळू लागला, आणि खरं तर फार सुंदर खेळला.

आपल्या पोरांनाही सोडलं नाही. चेंडू हातानं थोपवणाऱ्याला पकडलं, खाली पडून उगाच विव्हळणाऱ्याला “ऊठ, ढोंगी!” म्हणून उठवलं. एक-एक अशी बरोबरी झाली. पाच मिनिटं उरली होती.

आणि ओल्सेन चेंडू घेऊन सुटला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, थेट आपल्या गोलासमोर आला. पुढे एकटा ज्योतीराम उरला. सोपानराव धापा टाकत अगदी मागोमाग पळत होते. ज्योतीराम बाजूनं आला, खांदा लावला, आणि पाय असा बाहेरून नेमका घातला की ओल्सेनचं साडेसहा फुटी धूड हवेत फिरलं आणि पाठीवर आदळलं. बाहेरची टांग! यात्रेतसुद्धा वर्ष-वर्षात बघायला मिळत नाही इतकी चोख. ओल्सेनचे दोन्ही खांदे जमिनीला सपाट टेकले.

‘हां!’ म्हणायला सोपानरावांचा श्वास सुटला. तोंडात शिट्टी होती. ती वाजली.

तेवढ्यात हातानं ज्योतीरामाचं मनगट पकडलंही होतं आणि अर्धं वर नेलंही होतं. सोपानरावांना आयुष्यात असा आनंद क्वचित झाला होता. मग त्यांना समोर चेंडू घरंगळत जाताना दिसला, गोलाचे खांब दिसले, पायाखालची पांढरी रेघ दिसली. हात तिथंच थिजला.

सगळा खेळ थांबला होता. नानासाहेब धावत आले. “फाऊल दिलात ना? पेनल्टी?”

सोपानरावांनी जावयाकडे बघितलं नाही. “व्हय,” ते म्हणाले.

एवढाच शब्द. पेनल्टीवर ओल्सेननं गोल मारला, कामगार हरले. आधी शिव्या पडल्या, एकदोन ढेकळंही आली. मग दौलतराव पाटलांनी, म्हणजे गावच्या प्रमुखांनीच, सोपानरावांच्या गळ्यात हार घातला आणि ते मोठ्यानं म्हणाले, “बगा रं! सख्ख्या जावयाला मनगट धरून पकडला. ह्याला म्हनावं पंच!” वारा फिरला. लोक हरलेला सामना विसरले आणि त्यांनी सोपानरावांना खांद्यावर घेतलं. ओल्सेननं लंगडत येऊन दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबला. ज्योतीराम केव्हा निघून गेला, कुणाला कळलंही नाही.

दुखणं इथून सुरू झालं. सोपानराव चावडीवर गेले की लोक उठून जागा द्यायचे. स्टेशनवर अनोळखी माणसं रामराम घालायची. चाकणच्या कांद्याच्या बाजारात अडत्यानं त्यांना चहा पाजला आणि चार माणसांना बोलावून दाखवलं, हेच ते. सोपानरावांनी कप अर्धाच खाली ठेवला. कशाबद्दल चाललं होतं हे कौतुक? त्यांनी फाऊल बघितलाच नव्हता. त्यांनी डाव बघितला होता, आणि खूष झाले होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि लोक कावळ्याला लाकूडतोड्या म्हणत होते.

एकदा त्यांनी नानासाहेबांना चाचपडत सांगून बघितलं. नानासाहेब हसले. “अहो, नियमानं ती पेनल्टीच होती. निकाल बरोबर लागला ना? मग झालं तर!”

झालं कसं? सोपानराव घरी आले ते आणखी बेचैन होऊन. निकाल बरोबर होता हे त्यांनाही ठाऊक होतं. पण निकाल त्यांचा नव्हता, शिट्टीचा होता. त्यांच्याकडून फक्त ‘व्हय’ गेलं होतं, आणि ते खोटं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

यात्रा आठ दिवसांवर आली तशा शालनबाई लेकीला आणायला चिंचवडला गेल्या. एकट्याच परत आल्या. “इंद्रायणीला न्हाई धाडत म्हनत्यात जावई,” पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. “कारखान्यात लोक त्यास्नी ‘सासऱ्यानं धरलेला चोर’ म्हनत्यात. अवं, तुमी जावा की. दोन शबूद बोला. मोठेपना काय चुलीत घालायचाय?”

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना सोपानराव कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर आला. ज्योतीरामानं त्यांना बघितलं आणि सायकल हातात धरून थांबला. पाया पडला, पण नेहमीसारखा ‘मामा’ म्हणाला नाही.

“जावईबापू, नेम हाय तो,” सोपानराव म्हणाले. “पाय घालून पाडलं की पेनल्टी. मी काय करनार?”

“नेम मलाबी ठावा हाय. पेनल्टी दिली त्येचा राग न्हाई.”

“मग?”

ज्योतीरामानं स्वतःचं उजवं मनगट पुढे केलं. “तुमी हितं धरलं व्हतं. चोराला धरत्यात तसं न्हवं. सात यात्रा तुमी माजा हात उचललाय, धरनं कसलं व्हतं ते ह्या मनगटाला कळतं. तुमी माजा हात वर नेत व्हता. मंग त्येच हातानं मला चोर केलं. दोन निकाल दिलं तुमी, आन् गावाला एकच सांगितला.”

सोपानरावांना वाटलं, बोलावं, सगळं बोलावं, इथंच रस्त्यात. पण ओळखीचे चारजण सायकली ढकलत जात होते आणि त्यातल्या एकानं हाक मारली, “रामराम पंच!” सोपानरावांचा हात आपोआप रामरामाला वर गेला. तेवढ्यात ज्योतीराम सायकलवर टांग टाकून निघूनही गेला.

यात्रेचा दिवस उजाडला. दुपारी उन्हं कलल्यावर कुस्त्या सुरू झाल्या. लहान जोड्या सुटल्या, मोठ्या जोड्या सुटल्या, सोपानराव यंत्रासारखे हात उचलत राहिले. शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची, चाकणचा मालोजी विरुद्ध ज्योतीराम. यात्रेची कुस्ती ज्योतीराम चुकवत नसे. सासऱ्यावरच्या रागानं तो देवाचं काम कशाला टाकेल? बायकांच्या बाजूला, सगळ्यांत मागे, इंद्रायणी उभी असलेली सोपानरावांनी बघितली. घरी न येता ती थेट तिथं आली होती.

हलगी तापली. सोपानरावांनी माती उचलली. मालोजीनं पुढे येऊन ती घेतली, कपाळाला लावली. ज्योतीराम मात्र हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

“माती घ्या, पावनं,” दौलतराव पाटील ओरडले.

“ह्या हातची नको.”

हजार माणसांतून एक हुंकार उठला. “पंचाचा अपमान!” “बाहेर काढा!” पाटील तर उठूनच उभे राहिले. “आरं, कुनाला बोलतोस? मुलकात असा पंच न्हाई! सख्ख्या जावयाला ज्यानं—”

“थांबा,” सोपानराव म्हणाले. कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी हलगीवाल्याच्या हलगीवर हात ठेवला. “थांबा! ते पुन्यांदा बोलू नगा, पाटील. मला ऐकवत न्हाई.”

हजार माना त्यांच्याकडे वळल्या.

“त्या दिशी मी फाऊल बगितला न्हाई,” सोपानराव म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, पण शेवटच्या रांगेला ऐकू जात होता. “मी बाहेरची टांग बगितली. खूष झालो. ‘हां’ म्हनाय गेलो ते शिट्टीतनं गेलं. ह्येंचा हात उचलत व्हतो मी, धरत न्हवतो. मंग ध्यानात आलं हितं फुटबॉल हाय. नानासाहेबांनी इचारलं फाऊल का, मी व्हय म्हनलो. लाज वाटली म्हनून म्हनलो. निकाल बरोबर व्हता. मी खोटा व्हतो.”

आधी कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. पण माणचा एक जुना पैलवान, केस पिकलेला, रांगेतून उठला. त्याला हसू आलं नव्हतं. “मंग तीन सालामागं माज्या येळंला काय बगितलं व्हतं, सोपानराव? खांदं का सवय?”

हसणं थांबलं. सोपानरावांनी आठवून बघितलं. खांदे टेकले होते, त्यांना पक्कं माहीत होतं. पण आज ते सांगायचं कुठल्या तोंडानं? त्यांनी फेटा सोडला, त्याची घडी केली आणि पाटलांच्या हातात दिली. मग दोरीखालून वाकून बाहेर गेले आणि चौथ्या-पाचव्या रांगेत, एका जाड माणसाच्या मागे जाऊन बसले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

पंच म्हणून पाटीलच उतरले. माती न देताच हलगी कडाडली. सोपानरावांना पुढचं डोकं दिसत होतं, त्यापलीकडे धुरळा, आणि धुरळ्यात कधी एक पाय, कधी एक पाठ. वीस वर्षांत पहिल्यांदा ते लांबून कुस्ती बघत होते. अर्ध्या घटकेनंतर धप्प असा आवाज झाला. अर्धी गर्दी “चितपट!” म्हणून उठली, आणि चाकणची मंडळी “एकच खांदा! एकच खांदा!” म्हणून ओरडू लागली. पाटील गडबडले. इकडे बघत, तिकडे बघत उभे राहिले. बाह्या सरसावल्या गेल्या, एकदोन काठ्याही वर झाल्या.

आणि मग सवयीनं सगळे वळले. हसलेले, शिव्या देणारे, चाकणचे, माणचे, सगळे. “सोपानराव, तुमी सांगा! तुमी सांगाल ते खरं!”

ज्योतीराम मातीनं माखलेला, छाती भात्यासारखी हलवत दोरीपर्यंत आला. सोपानरावांसमोरची माणसं बाजूला झाली. त्यानं मनगट पुढे केलं. “मामा,” तो म्हणाला. त्या रविवारनंतर पोटातून आलेली ती पहिली हाक. “त्या दिशीचं अर्धं ऱ्हायलंय. उचला.”

मागे इंद्रायणी पदर तोंडाशी धरून उभी होती. सोपानरावांचा उजवा हात मांडीवरून सुटला. नुसतं मनगट धरायचं होतं. लेक घरी येणार होती, जावई येणार होता, फेटाही परत येणार होता. हात अर्ध्या वाटेवर गेला आणि त्यांनी तो स्वतःच खाली घेतला.

“जावईबापू, मी लांब व्हतो,” ते म्हणाले. “मधी मानसं व्हती. मला खांदं दिसलं न्हाईत.”

“मामा—”

“दिसलं असतं तर उचलला असता. न्हाई दिसलं.”

ज्योतीरामानं मनगट मागे घेतलं. आता हा भडकणार असं पाटलांना वाटलं, ते पुढे झाले. पण ज्योतीराम खाली वाकला. मूठभर माती उचलून त्यानं सासऱ्याच्या तळहातावर ओतली आणि पुढे स्वतःचा हात पसरला.

“मंग पुन्यांदा लावू,” तो म्हणाला. “माती द्या.”

मालोजीही येऊन शेजारी उभा राहिला. त्यानंही हात पसरला. सोपानरावांनी दोघांना माती दिली. देताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

या वेळी पाटलांनी त्यांना दोरीशी, अगदी पुढे बसवलं. कुस्ती फार चालली नाही. ज्योतीराम दमला होता. मालोजीनं त्याला ढाकेच्या डावावर घेऊन असा टाकला की कुणाला शंकाच राहिली नाही. पाटलांनी मालोजीचा हात उचलला. चांदीचं कडं चाकणला गेलं.

ज्योतीराम उठला, केसांतली माती झटकत दोरीशी आला.

“ह्ये तरी दिसलं का, मामा?”

“दिसलं,” सोपानराव म्हणाले. “दोनीबी खांदं टेकलं.”

“टेकलं खरं,” ज्योतीराम म्हणाला, आणि बायकांच्या बाजूला वळून त्यानं हाक दिली, “इंद्रा! चल, मामांच्या घरी जेवाय जायचंय.”